सासूबाईंचं मायेने केलं, आता परक्याचं पैसे घेऊन करू का?

मिरजेजवळच्या एका गावातून एक वाचक भगिनी लिहितात. वय 47, शिक्षण बारावी. सासूबाईंना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून त्या गेल्या तोवरची साडेपाच वर्षं त्यांची सगळी उस्तवार या बाईंनीच केली. सासूबाई जाऊन आता आठ महिने झाले. तेराव्याला मोठ्या दिरांनी सगळ्यांसमोर डॉक्टरांचे आभार मानले, मुंबईहून पैसे पाठवणाऱ्या नणंदेचे मानले. यांचं नाव कुणी घेतलं नाही. 'ते इतकं का लागलं, याचीच मला लाज वाटते,' असं त्या म्हणतात. आता सांगलीतल्या एका ओळखीच्या घरी 78 वर्षांचे आजोबा आहेत, तीन आठवड्यांपूर्वी खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेले. त्यांच्या सुनेने विचारलं, दिवसाची बारा तासांची ड्यूटी कराल का, महिन्याचे पैसे देऊ. मुलगा पुण्यात नोकरीला लागलाय, हातात वेळ आहे, स्वतःचे चार पैसे असावेत असंही वाटतं. पण जाऊ म्हणाली, 'आपल्या घरातल्या बायका लोकांचं गू-मूत काढायला जात नाहीत.' यजमान काहीच बोलले नाहीत, 'म्हणजे त्यांना पसंत नसणार.' शिवाय मनात एक सल आहे: जे सासूबाईंसाठी मायेने केलं तेच पैसे घेऊन केलं, तर त्या साडेपाच वर्षांना काय अर्थ राहिला? आणि शेवटी विचारतात, 'मला येतं तरी काय?'

ताई,

शेवटून सुरुवात करते. 'मला येतं तरी काय' हे तुम्ही पत्राच्या चौथ्या पानावर विचारलंय. त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच दुसऱ्या पानावर देऊन बसला आहात.

तिथे तुम्ही सहज लिहिलंय की सासूबाईंना गाऊन घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा आणि काढताना तो सगळ्यात शेवटी काढायचा, म्हणजे खांद्याला ओढ बसत नाही. नळीतून पातळ पेज दिली की पाऊण तास उशाकडची बाजू उंचच ठेवायची. लघवीची पिशवी कधी अंथरुणावर ठेवायची नाही, कायम खाली अडकवायची. पोटऱ्यांखाली उशी सरकवायची, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. त्यांना बोलता येत नव्हतं, पण दुखलं की डावी भुवई आक्रसायची आणि लाज वाटली की त्या भिंतीकडे बघायच्या, हे तुम्हाला महिन्याभरात ओळखू यायला लागलं. साडेपाच वर्षांत एकदाच माकडहाडावरची कातडी लाल झाली. तुम्ही त्या बाजूवर झोपवणं बंद केलं, कूस बदलण्याचा दोन तासांचा फेरा दीड तासावर आणला आणि आठ दिवसांत ती परतवली.

ताई, याला 'काही येत नाही' म्हणत नाहीत. रुग्णसाहाय्यकाच्या प्रशिक्षणात पैसे भरून हेच शिकवतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जखम होऊ न देणं ही केवढी गोष्ट आहे, ते एका उदाहरणाने सांगते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 1973 मध्ये हल्ला झाला. त्यातून त्या कधीच उठल्या नाहीत. 2015 मध्ये त्या गेल्या तोवर, म्हणजे बेचाळीसएक वर्षं, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पहिल्या फळीतल्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, काम थांबलं नाही. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या कर्मचाऱ्यांचं मनापासून कौतुक केलं. एवढ्या वर्षांत अरुणाताईंना एकही बेडसोर, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झाला नव्हता. तिथे पाळ्या होत्या, एकीची वेळ संपली की दुसरी यायची, वॉर्डाला डॉक्टर होते. तुमच्या घरी रात्री दोनची पाळीही तुमची आणि चारची पाळीही तुमचीच.

म्हणून तेराव्याचं लागलं, त्याची लाज बाळगू नका. तुम्ही हार-तुरे मागत नव्हता. ज्यांचा या घरातला वाटा मोठा होता त्यांची नावं घेतली जात होती आणि त्यात तुमचं नाव नव्हतं. मला तर वाटतं, दिरांनी ते मुद्दाम गाळलंही नसेल. त्यांच्या लेखी डॉक्टरांनी 'उपचार' केले, नणंदेने 'मदत' केली आणि तुम्ही 'घरीच होतात'. आपल्याकडे घरातल्या बाईचं दुखणेकऱ्याचं करणं हे हवा-पाण्यासारखं असतं, असताना कुणाला दिसत नाही. केंद्र सरकारने 2024 मध्ये लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. 15 ते 59 वयाच्या बायकांपैकी 41 टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची देखभाल करत होत्या, पुरुषांपैकी साधारण 21 टक्के. आणि जे करत होते त्यांच्यातही बायकांची दिवसाची 140 मिनिटं त्यात जात होती, पुरुषांची 74. यात लहान मुलांचं करणंही आलं. म्हणजे तुमच्या घरात जे झालं ते तुमच्या घरापुरतं नाही. पण त्याने तुमचं दुखणं कमी होत नाही, हेही मला कळतं.

इथे मला एक गोष्ट हळूच विचारायची आहे. सांगलीचं काम तुम्हाला हवंसं वाटतंय ते त्या कामासाठी, की घरात कुणी न दिलेली दाद तिथे मिळेल म्हणून? दोन्ही असू शकतं, त्यात पाप नाही. पण दुसरं कारण मोठं असेल तर आधीच सांगते, ते तिथे मिळेलच असं नाही. त्या घरात तुम्हाला महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल, तो तुमचा हक्क असेल. कदाचित आजोबा जीव लावतील, कदाचित चिडचिड करतील. त्यांची मुलगी दिवाळीला येईल आणि म्हणेल, 'बाबा किती खराब झालेत, कुणी नीट बघतच नाही.' तेव्हा तेराव्याची जखम पुन्हा भळभळेल. दिरांकडचं येणं सांगलीच्या सुनेकडून वसूल होत नाही.

ते येणं जिथलं आहे तिथेच मागावं, असं माझं मत आहे. वर्षश्राद्धाला सगळे जमतील. त्याआधी दिरांना फोन करा, भांडू नका, एवढंच म्हणा: 'भाऊजी, तेराव्याला तुम्ही सगळ्यांची नावं घेतलीत, माझं राहिलं. मला ते लागलं.' ते गडबडतील, कदाचित टाळतीलही. तरी ते एकदा तोंडातून बाहेर पडू दे. आठ महिने तुम्ही हे एकटीने गिळलंय.

आता मायेचा आणि पैशाचा सल. तुमच्या डॉक्टरांनी साडेपाच वर्षं घरी येऊन सासूबाईंना तपासलं आणि दर खेपेला फी घेतली. तुम्हाला कधी वाटलं का, फी घेतली म्हणजे यांच्या मनात काही नाही? तुम्हीच लिहिलंय की एकदा पावसात, लाइट गेलेले असताना, ते रात्री साडेअकराला स्कूटरवरून आले. त्या रात्रीचीही फी तुम्ही दिलीत आणि त्यांनी घेतली. त्यांच्या बाबतीत आपल्याला दोन्ही एकत्र नांदताना दिसतं. बाईने अंग पुसलं, भरवलं, बेडपॅन दिलं की मात्र ते पुण्याच्या खात्यातच जमा झालं पाहिजे, असं आपल्या मनात कुठून बसलंय?

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदनाचं काम सुरू केलं आणि पुढे तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण मिळावं म्हणून खटपट केली. त्यांत कितीतरी विधवा होत्या. ज्या घरांत त्या बायका फुकट राबत होत्या, कुणाची बाळंतपणं काढत होत्या, कुणाची दुखणी काढत होत्या, त्याच समाजाने त्या पगार घेऊन रुग्णालयात जायला निघाल्यावर नाकं मुरडली. परक्यांना शिवायचं, परपुरुषांची सेवा करायची, शोभतं का? तुमच्या जाऊबाईंचं वाक्य तेव्हाच्या पुण्यातही सहज ऐकू आलं असतं.

जाऊबाईंच्या त्या वाक्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 'आपल्या घरातल्या बायका' म्हणताना त्यांच्या मनात 'दुसऱ्या कुठल्या तरी घरातल्या बायका' आहेत, ज्यांनी हे काम करावं असं त्यांनी धरून चाललंय. या कामाला जात चिकटलेली आहे, आपण ती बोलून दाखवत नाही इतकंच. रुग्णालयातल्या मावश्या, मामा, सफाईवाल्या यांना पिढ्यान् पिढ्या या कामासाठीच हिणवलं गेलं. तुम्ही या कामाला गेलात तर त्याच बायका तुमच्या सहकारी असतील आणि काही बाबतींत तुमच्या गुरूही. 'मी त्यांच्यातली नाही, मी घरंदाज, वेळ पडली म्हणून आले' असं मनात ठेवून जाणार असाल तर कृपा करून जाऊ नका. स्वतःही दुखी व्हाल आणि त्यांनाही दुखवाल.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते, तर माझ्या घरात हे घडलेलं आहे. माझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षं दिवसा सांभाळायला एक मावशी यायच्या. त्यांचे हात मला अजून दिसतात. थंडीच्या दिवसांत दादांना हात लावायच्या आधी त्या स्वतःचे तळवे एकमेकांवर घासायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, 'दादा, आता डाव्या कुशीवर घेते हं.' दादांना ऐकू येत होतं की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या रोज, प्रत्येक वेळी सांगायच्या. सांगितल्याशिवाय त्यांनी दादांना कधी हलवलं नाही. त्यांच्यासाठी आमच्या घरात चहाचा कप वेगळा होता, बेसिनच्या खिडकीत पालथा ठेवलेला, कान तुटलेला. तो कुणी वेगळा काढला, कधी काढला, आठवत नाही. घरात कुणी तसं कधी बोललंही नव्हतं. तीन महिन्यांनी एका दुपारी मी तो विसळत होते आणि मला एकदम कळलं की मी काय विसळते आहे. दुसऱ्या दिवसापासून कप बदलला, आमच्याबरोबर टेबलावर बसून चहा सुरू झाला. मावशी काही बोलल्या नाहीत. पण ते तीन महिने मी परत करू शकत नाही. तुमच्या जाऊबाईंवर मी रागावत नाही ते याचसाठी.

यजमानांकडे येऊ. 'काहीच बोलले नाहीत, म्हणजे पसंत नसणार.' हा अर्थ तुम्ही काढलात, त्यांनी सांगितला नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता, हे खरं. पण गप्प बसण्याची कारणं बरीच असतात. ज्या माणसाच्या आईचं बायकोने साडेपाच वर्षं केलं आणि त्याने स्वतः किती केलं हे त्यालाही माहीत आहे, तो या विषयावर पटकन बोलू शकत नाही. नापसंतीपेक्षा ओशाळेपणच जास्त असेल. त्यांना समोर बसवून सरळ विचारा. आणि 'जाऊ का?' असं विचारू नका. विचारा, 'मी सकाळी साडेसातला निघाले तर तुमचा डबा, संध्याकाळची भाजी, गॅसचं सिलिंडर, दळण, हे कसं करायचं?' खरी चर्चा तिथे आहे. पगारी काम बाराचं आणि घरचं वर सहाचं असं होणार असेल तर ते चार महिनेही टिकणार नाही.

इथवर मी तुमच्या बाजूने बोलले. आता थोडं थांबवते.

तुम्ही एका माणसाला सांभाळलंत. त्या एका माणसाच्या बाबतीत तुम्ही तरबेज झालात. पण सांगलीच्या आजोबांचं काम जवळजवळ उलटं आहे. सासूबाईंचं सगळं तुम्हाला करावं लागत होतं, त्यांना काहीच करता येणार नव्हतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणसाला पुन्हा उभं करायचं असतं. आजोबांना वॉकर धरून संडासापर्यंत दहा मिनिटं लागतील आणि तुमचे हात शिवशिवतील, पटकन भांडं द्यावं, सोपं पडेल. तिथे हात आवरायचे. स्वतःचा शर्ट ते पाऊण तास घालत असतील तर घालू द्यायचा. फिजिओथेरपिस्ट काय सांगतात ते लक्ष देऊन बघा. त्यांना खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही असं सांगितलं असेल, त्यातलं काय किती दिवस हे डॉक्टरांकडून समजून घ्या. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली, गरम लागली तर चोळत बसू नका, लगेच घरच्यांना सांगून डॉक्टरांना कळवा. बाथरूममधली ओली फरशी आणि रात्रीचा अंधार हे आजोबांचे आत्ताचे खरे शत्रू आहेत.

ते पुरुष आहेत, हेही बोलून घ्यायला हवं. अंघोळ कोण घालणार? घरात मुलगा असेल तर सकाळची अंघोळ तो घालेल, असं आधीच ठरवता येतं. तुम्हाला संकोच नसेल तर प्रश्नच नाही. पण संकोच असेल आणि तुम्ही तो गिळलात, तर तो तुमच्या हातात उतरतो आणि आजोबांना जाणवतो. आणि कुठल्याही घरात रुग्णाने किंवा आणखी कुणी अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, तर 'आजारी माणूस आहे' म्हणून सोडून देऊ नका. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईलाही लागू आहे. त्यासाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते, तिथे तक्रार करता येते.

दुसरी काळजी तुमच्या झोपेची. रात्री दोनला आणि चारला अजून जाग येते, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. अंगाला लागलेली सवय जाता जात नाही, पण त्यात दुःखही आहे. सासूबाई गेल्या तेव्हा सगळे पाहुण्यांच्या उस्तवारीत होते आणि त्यात तुम्हीही होता. तुम्ही त्यांच्यासाठी रडलात का हो? पत्रात कुठे दिसलं नाही. साडेपाच वर्षं ज्या शरीराची प्रत्येक हालचाल तुम्ही जाणत होता ते एकदम नाहीसं झालं. त्या पोकळीत लगेच दुसरा रुग्ण ओढून घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. काहींना त्याने बरं वाटलं, काही वर्षभरात कोसळल्या. म्हणून रात्रपाळी आणि चोवीस तासांचं काम निदान वर्षभर घेऊ नका. कितीही पैसे देऊ केले तरी नाही. तुमची रात्र आधी तुम्हाला परत मिळू दे.

कंबर दुखते असंही लिहिलंय. माणूस उचलायची कला तुम्ही घरात एकटीने, चुकतमाकत शिकलात. कमरेत वाकून, काखेत हात घालून. ते आता बंद. माणसाच्या खाली दुहेरी चादर ठेवून दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं, गुडघ्यात वाकायचं, खाटेची उंची वाढवून घ्यायची. एकटीने उचलणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगायचं.

हे नीट शिकण्यासाठी प्रशिक्षण घ्या, असं मी आग्रहाने म्हणेन. स्किल इंडियाच्या योजनांमध्ये 'जनरल ड्यूटी असिस्टंट' आणि 'होम हेल्थ एड' असे अभ्यासक्रम आहेत. त्यातला दुसरा घरी जाऊन रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठीच आहे. बारावी शिक्षण त्याला पुरेसं आहे. ज्यांना काम येतं पण हातात कागद नाही त्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय त्यात ठेवलेली आहे, तिला आरपीएल म्हणतात. मिरज-सांगलीत आत्ता कुठल्या केंद्रावर तुकडी सुरू आहे याची चौकशी करा. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, तिथलं मिशन रुग्णालय उभारणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासूनचं. विचारायला माणसं तुम्हाला भरपूर मिळतील. आणि काय करायचं नाही तेही तिथे शिका. इंजेक्शन देणं, सलाइन लावणं, लघवीची किंवा नाकातली नळी घालणं, इन्सुलिनचा डोस आपल्या मनाने बदलणं ही नोंदणीकृत परिचारिकेची आणि डॉक्टरांची कामं आहेत. सासूबाईंच्या वेळी अडचणीत तुम्ही काही केलंही असेल. दुसऱ्याच्या घरात ते केलंत आणि काही बिनसलं, तर तुमच्यामागे कुणी उभं राहणार नाही.

कामाच्या अटी तोंडी ठेवू नका. एका कागदावर, साध्या मराठीत, दोघींच्या सह्या. वेळ किती ते किती. आठवड्याची सुट्टी कुठली. पगार कुठल्या तारखेला, आणि तो तुमच्याच नावाच्या खात्यात. बदली बाई आली नाही आणि तुम्हाला थांबावं लागलं तर जादा तासाचे किती. सांगलीला जायचं-यायचं एसटीचं भाडं कुणाचं. काम कुणाचं, हे सगळ्यात ठळक लिहा: आजोबांचे कपडे, आजोबांची खोली, आजोबांचं खाणंपिणं. नाहीतर पंधरा दिवसांत 'ताई, जरा कुकर लावता का' पासून सुरू होतं आणि महिन्याभरात घराची भांडी तुमच्याकडे येतात. आजोबांचं एटीएम कार्ड, कपाटाची किल्ली, दागिने यांना हातही लावू नका, कितीही विश्वासाने दिले तरी. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला स्वतःहून काढून ठेवा, घरोघरी रुग्णसाहाय्यक पाठवणाऱ्या ब्युरोमार्फत जायची वेळ आली तर तो लागतोच. ब्युरो पगारातून किती कापतो, तेही नाव घालण्याआधी विचारा.

आणि एक अट, जी कुणी घालत नाही. रुग्ण गेला तर पुढे काय? या कामात माणूस सकाळी जातो आणि दुपारी तुमची नोकरीही जाते. ज्याला सहा महिने भरवलं त्याचं दुःख करायला कुणी वेळ देत नाही, आणि तुटक्या महिन्याचा पगार मागायला जीभ रेटत नाही. म्हणून आधीच लिहून घ्या, काम अचानक संपलं तर पंधरा दिवसांचा पगार. सांगलीची सून समजूतदार वाटते, ती मान्य करेल.

काम सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी ची लस टोचून घ्या. तिचे तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी ई-श्रम पोर्टलवर नोंदणी करा, 59 वर्षांपर्यंत होते. बँकेत वर्षाला 20 रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचा. रोज एसटीने जाणाऱ्या बाईने तो घ्यावाच.

तुमच्या पत्रासारखी पत्रं मला दर महिन्याला येतात, म्हणून हे वाचणाऱ्या घरांनाही दोन शब्द सांगते. तुमच्या घरात कुणी सून, बायको, लेक, क्वचित मुलगा, अंथरुणावरच्या माणसाचं करत असेल, तर तिच्या हातात शाल-नारळ देऊ नका. तिला आठवड्यातून एक दिवस द्या. त्या दिवशी तुम्ही स्वतः कूस बदला, डायपर बदला, भरवा. एका दिवसात तुम्हाला जे कळेल ते तुम्ही तेराव्याला न सांगताच बोलाल. लांब राहणाऱ्या भावाबहिणींनी पैसे पाठवताना त्यातले काही तिच्या स्वतःच्या नावाने पाठवावेत, औषधांच्या खात्यात नाही. 'तुझं काय, तू घरीच असतेस' हे वाक्य तर बंदच करा. आणि ज्यांना काही मार्गच सुचत नसेल त्यांनी 14567 या ज्येष्ठांसाठीच्या मोफत हेल्पलाइनवर विचारावं.

ज्यांच्या घरी पगारी बाई येते, त्यांनी तिला बसायला खुर्ची द्यावी. खूप घरांत ती बारा तास खाटेच्या कडेला किंवा जमिनीवर बसते. तिला नावाने हाक मारा. तिच्या जेवणाची वेळ ठरवा, त्या अर्ध्या तासात घरातल्या कुणीतरी रुग्णाजवळ बसा. आणि कप बघा.

ताई, मग करायचं काय? माझं मत विचारलंत तर, हो, जा. पण महिन्याच्या बोलीवर, फक्त दिवसपाळी, आठवड्याची सुट्टी घेऊन. महिना संपला की यजमानांबरोबर बसा, कंबर काय म्हणते, झोप काय म्हणते, मन काय म्हणतं ते बघा. नाही जमलं तर सांगलीच्या सुनेला पंधरा दिवस आधी सांगून थांबा, त्यात हार नाही. आणि जाणार नसाल तरी हरकत नाही. साडेपाच वर्षांनंतर दुपारी आडवं व्हावंसं वाटणं हेही पुरेसं कारण आहे. ते कारण जाऊबाईंच्या वाक्याखाली लपवू नका, एवढंच.

पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या नोंदींच्या सात शंभरपानी वह्या आहेत. रोजची साखर, बीपी, लघवी किती, शौच झाली की नाही, कुठल्या कुशीवर किती वाजता. यजमान म्हणतात रद्दीत द्या. देऊ नका. सांगलीला पहिल्यांदा भेटायला जाल तेव्हा त्यातली एक पिशवीत घालून न्या आणि त्या सुनेपुढे उघडा, तिला काही सांगावं लागणार नाही. आजोबांसाठी तशीच नवी वही पहिल्या दिवशी घाला, तारीख-वेळ टाकून. उद्या कुणी बोट दाखवलं तर तीच तुमच्या बाजूने बोलेल. बाकीच्या सहा माळ्यावर ठेवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कारण पावसाळ्यात तुमच्याकडे कौलं गळतात असं तुम्हीच लिहिलंय.